एक चित्रपुस्तक, दोन आठवडे: वर्गात वाचन-लेखन कसं घ्यावं

वर्गात चित्रपुस्तक आलं की बहुतेक वेळा असं घडतं: सोमवारी बाई गोष्ट वाचतात, मंगळवारी मुलं प्रश्नोत्तरं लिहितात, बुधवारी पुस्तक कपाटात जातं. मुलांना गोष्ट आवडलेली असते, पण ती त्यांच्या अंगात मुरण्याआधीच संपते. मीही बरीच वर्षं असंच केलं. नंतर एकच पुस्तक सलग दोन आठवडे वर्गात ठेवून पाहिलं आणि तेव्हापासून दर आठवड्याला नवं पुस्तक आणण्याचा आग्रह सोडला. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा हवी असते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ऐकताना पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असतं, मग लक्ष शब्दांकडे, अक्षरांकडे, चित्रांतल्या कोपऱ्यांकडे जातं. वाचन शिकवायची खरी वेळ ती.

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी ही पद्धत लिहितो आहे. बालवाडीत लेखनाचा भाग चित्रांवर आणि बोलून सांगण्यावर भागवा, तिसरीत तो वाढवा. उदाहरण म्हणून मी वर्गासाठी रचलेली एक छोटी गोष्ट घेतो. तुमच्याकडचं पुस्तक वेगळं असेल, कृती त्याला लावून घ्या.

गोष्ट अशी. संध्याकाळी एक गोगलगाय म्हणते, "मला भिंतीवर चढून चांदोबा पाहायचाय." ती निघते. मुंगळा तिला मागे टाकतो. पाल सरसर पुढे जाते. मांजर एका उडीत वर पोचतं. प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ येते: "हळू हळू, वर वर, गोगलगाय चढते भिंतीवर." रात्र संपते. ती वर पोचते तेव्हा चांदोबा मावळलेला असतो आणि ऊन पडत असतं. "उशीर झाला!" असं म्हणून ती खाली वळून बघते. शेवटच्या पानावर एकही शब्द नाही. फक्त भिंत, आणि भिंतीवर तळापासून वरपर्यंत उन्हात चमकणारी चंदेरी रेघ. ही रेघ पहिल्या पानापासून चित्रात आहे, मजकुरात मात्र तिचा कुठेच उल्लेख नाही.

पुस्तक निवडताना

तीन गोष्टी बघतो. पुन्हा पुन्हा येणारी ओळ आहे का, कारण ज्या मुलाला एक अक्षरही वाचता येत नाही तेसुद्धा दुसऱ्या दिवसापासून त्या ओळीला आवाज देऊ शकतं. चित्र शब्दांपेक्षा काही वेगळं सांगतं का. आणि शेवट बोलायला जागा ठेवतो का. पानाच्या तळाशी "तात्पर्य" छापलेलं पुस्तक मी या कामासाठी घेत नाही, मुलांनी बोलायचं ते तिथे आधीच बोलून झालेलं असतं. बिनशब्दांची चित्रपुस्तकंही उत्तम चालतात, तिथे मजकूर मुलंच तयार करतात.

निवडलं की घरी मोठ्याने तीनदा वाचा. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, पान कुठल्या शब्दानंतर उलटायचं हे ठरवा. पानउलट हा गोष्टीचाच भाग आहे. "उशीर झाला!" नंतर श्वासभर थांबून पान उलटलं तर वर्ग पुढे सरकून बसतो. वाक्य संपण्याआधीच पान उलटलं तर तो क्षण गेला.

वर्गात चाळीस मुलं असतील तर मागच्यांना चित्र दिसत नाही, ही खरी अडचण. न्यूझीलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी 1970 च्या दशकात याच अडचणीवर मोठ्या आकाराची पुस्तकं वर्गात आणली, मूल आईच्या मांडीवर बसून जसं पुस्तक बघतं तसं सगळ्या वर्गाला बघता यावं म्हणून. मोठं पुस्तक नसेल तर पुन्हा येणारी ओळ आणि दोन-तीन महत्त्वाची चित्रं मोठ्या कागदावर काढून घ्या. चित्र सुबक नसलं तरी चालतं, अक्षर मात्र ठसठशीत हवं. मुलांना खाली, जवळ, अर्धगोलात बसवा.

पहिला दिवस: फक्त गोष्ट

मुखपृष्ठावर दोन-तीन मिनिटं. "हे कोण? कुठे चाललं असेल?" एवढंच विचारा. अंदाज फळ्यावर लिहून ठेवा, चूक-बरोबर करू नका. लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वाचून दाखवा. पुस्तक कुणीतरी बसून तयार केलेलं असतं, हे पहिलीतल्या मुलाला माहीत नसतं, आणि दहाव्या दिवशी ते स्वतः पुस्तक तयार करणार आहे.

मग गोष्ट वाचा. सलग. मध्ये प्रश्न नाहीत, शब्दार्थ नाहीत, "हे कुठलं अक्षर?" तर मुळीच नाही. बोट शब्दांखालून सरकत राहू दे, म्हणजे वाचन डावीकडून उजवीकडे जातं हे न सांगता दिसतं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि गप्प बसा. पहिलं वाक्य मुलांकडून येऊ दे. माझ्या वर्गात एकदा ते वाक्य होतं, "तिला कुणी पाठीवर का नाही घेतलं?" त्या दिवसाचं काम तिथेच झालं होतं.

दुसरा दिवस: चित्रं वाचणं

आज मजकूर झाका. प्रत्येक पान पुरतं एक मिनिट धरा आणि दोनच प्रश्न विचारा: "काय दिसतंय?" आणि "कशावरून म्हणतोस?" दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. "मांजर चिडलंय." "कशावरून म्हणतेस?" "कान मागे केलेत." पुढे उताऱ्यातून पुरावा शोधून उत्तर लिहायचं असतं, त्याची सुरुवात मांजराच्या कानांपासून होते.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद वर्गात खूप मोठे वाटतात. मनात एक, दोन, तीन म्हणा.

रेघ कुणाला दिसते, याची वाट पाहा. तुम्ही दाखवू नका. एका वर्षी चार दिवस कुणालाच दिसली नाही. पाचव्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका मुलीने उठून येऊन तिसऱ्या पानावर बोट ठेवलं: "ही तिने काढली." मग सगळा वर्ग मागची पानं तपासायला धावला. प्रत्येक पानावर रेघ होती, थोडी थोडी लांबत गेलेली. मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं असतं तर ही धावपळ झालीच नसती.

तिसरा दिवस: वाचता वाचता बोलणं

आता मध्ये थांबत वाचायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक साधी रीत शिकवली: वाचून दाखवण्यापेक्षा मुलाला बोलतं करा. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलं. या संवादी वाचनाची रीत चार टप्प्यांची आहे. मुलाला बोलायला लावा, त्याच्या बोलण्याला दाद द्या, त्याच्या वाक्यात थोडी भर घाला, आणि ते वाढवलेलं वाक्य त्याला परत म्हणू द्या.

"पाल काय करतेय?"
"पळाली."
"हो, पाल पळाली! भिंतीवरून सरसर पळाली. कशी पळाली?"
"भिंतीवरून सरसर पळाली."

एका शब्दाचे तीन शब्द झाले, आणि "चूक, पूर्ण वाक्यात सांग" असं म्हणावं लागलं नाही. दिवसाला सहा-सात मुलांशी एवढं घडलं तरी पुष्कळ. कुणाची घरची बोली वेगळी असेल तर उत्तर तिच्यातच येऊ दे. गोगलगायीला घरी दुसरं काही म्हणत असतील तर तो शब्दही फळ्यावर लिहा. त्याच दिवशी त्या मुलाचा हात आणखी दोनदा वर येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

प्रश्न मात्र निवडून. "गोगलगाय कुठे चढली?" याचं उत्तर एका शब्दात संपतं. "तिने मध्येच परत फिरायला हवं होतं का?" यावर वर्ग दोन गटांत वाटला जातो. असे दोन प्रश्न आधी लिहून न्या, बाकीचे मुलं विचारतील.

चौथा दिवस: चारच शब्द

एका पुस्तकातून चार शब्द पुरे. गोगलगाय किंवा मांजर शिकवायची गरज नाही, ते मुलांना येतात. मी घेतो ते असे: मावळणे, चंदेरी, सरसर, उशीर. प्रत्येक शब्द गोष्टीतून उचलायचा, सोप्या बोलीत सांगायचा, मग गोष्टीबाहेर न्यायचा. "तुला कशाला उशीर झाला होता?" "चंदेरी आणखी काय असतं?" सरसर चालून दाखवा, मग हळू. क्रियापदं आणि क्रियाविशेषणं अंगाने केली की विसरत नाहीत.

शब्द मोठ्या अक्षरांत पट्ट्यांवर लिहून भिंतीवर लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि आठवडाभर स्वतः वापरा. "आज आपल्याला उशीर झाला" हे वाक्य तुमच्या तोंडून सहज आलं की मुलं लगेच पट्टीकडे बोट दाखवतात.

पाचवा ते सातवा दिवस: आवाज आणि अक्षर

इथे घाई करू नका. गोष्ट मुरलेली आहे, शब्द ओळखीचे आहेत. आता त्यांची फोड करायची.

आधी कान, मग डोळे. "गोगलगाय" म्हणा आणि टाळ्या वाजवा. गो–गल–गाय. तीन टाळ्या. आता तोच शब्द फळ्यावर चौकटींत लिहा, एका चौकटीत एक अक्षर: गो, ग, ल, गा, य. पाच चौकटी. मुलं बुचकळ्यात पडतात, आणि पडायलाच हवं. मराठीत आपण लिहितो तितकं सगळं उच्चारत नाही. "ल" आणि "य" मधला "अ" बोलताना गळतो, आधीच्या अक्षराला चिकटून ते एकाच झटक्यात बाहेर पडतात. मूल "मांजर" लिहिताना दोन टाळ्या मोजतं आणि "मांज" लिहून थांबतं, याचं कारण अनेकदा हेच. ते मूल आळशी नाही, कान देऊन ऐकतंय. त्याला टाळी आणि चौकट यांतला फरक दाखवा. पाल: एक टाळी, दोन चौकटी. मांजर: दोन टाळ्या, तीन चौकटी. पाऊस: दोन टाळ्या, तीन चौकटी. हा खेळ रोज पाच मिनिटं घ्या. चौकटींत खडे किंवा बटणं सरकवू द्या आणि नंतर त्याच जागी अक्षरं येऊ द्या. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांनी शब्दातले आवाज मुलांना मोजता यावेत म्हणून अशा चौकटी वापरल्या होत्या. मराठीसाठी मी अक्षरागणिक चौकट धरतो, ती आपल्या लिपीला जुळते.

गोगलगायीत आणखी एक ठेवा आहे. एकाच शब्दात ग, गा आणि गो. बाराखडी वेगळी घोकून घेण्याऐवजी हाच शब्द फळ्यावर लिहा आणि तिन्ही "ग" तीन रंगांनी गिरवू द्या. काना दिला की तोंड कसं उघडतं, मात्रेसह काना दिला की ओठ कसे गोल होतात, हे एकमेकांकडे बघत म्हणू द्या. मग "ग" च्या जागी "म" ठेवा: म, मा, मो. नंतर "च". अशी तीन-चार व्यंजनं झाली की मुलं पुढची बाराखडी स्वतःच मांडू लागतात.

"भिंत" हा शब्द अवघड, म्हणून त्याला एक अख्खा दिवस द्या. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. कानाने चालणारं मूल "भ" लिहून मग वेलांटी काढतं आणि ती "त" ला जाऊन चिकटते. मोठ्या पुठ्ठ्यावर "भ" लिहा, वेलांटी वेगळ्या कागदावर कापून घ्या आणि मुलांना ती उजवीकडे, डावीकडे ठेवून बघू द्या. हाताने सरकवलेली वेलांटी लक्षात राहते. टिंबाचंही तसंच. "भिंत" म्हणताना जीभ दातांना लागते, "मुंगळा" म्हणताना मागे घशाकडे जाते. टिंब तेच, जिभेची जागा वेगळी. प्रत्येकाने म्हणून बघायचं.

"रात्र" मध्ये जोडाक्षर आहे. पहिलीत त्याचा नियम सांगायला बसू नका. शब्द पूर्ण चित्रासारखा ओळखू द्या. कुणी "रातर" लिहिलं तर त्याने सगळे आवाज नीट ऐकले आहेत, याची आधी दखल घ्या.

आठवा दिवस: ओळी जुळवणं आणि खेळ करणं

पुन्हा येणारी ओळ पट्टीवर लिहा आणि मुलांसमोर शब्दाशब्दांत कापा: हळू / हळू / वर / वर / गोगलगाय / चढते / भिंतीवर. सात मुलांच्या हातात सात शब्द. त्यांनी ओळीत उभं राहायचं, वर्गाने वाचायचं. मग "चढते" वाल्या मुलाला खाली बसवा. काय हरवलं? "गोगलगाय" च्या जागी "पाल" आली तर "हळू हळू" चालेल का? मुलं "सरसर, सरसर" सुचवतात आणि नवी ओळ उभी राहते. व्याकरणाचा शब्दही न उच्चारता क्रियाविशेषण बदलून झालेलं असतं.

त्याच तासाला गोष्टीचा खेळ घ्या. एक जण निवेदक, चौघं प्राणी, उरलेला वर्ग भिंत आणि ओळ म्हणणारा समूह. वेशभूषा नको, वेळ जातो. निवेदकाने मात्र पुस्तक हातात धरून वाचायचं.

नववा दिवस: लिहिणं

आधी सगळ्यांनी मिळून. मुलं सांगतील, तुम्ही फळ्यावर लिहाल, त्यांच्याच शब्दांत. शेवटचं बिनशब्दांचं पान घ्या. "इथे काय लिहूया?" माझ्या वर्गातून आलेली एक ओळ: "चांदोबा गेला पण चांदणं भिंतीवर राहिलं." मी ती तशीच लिहिली, तशीच मोठ्याने वाचली. स्वतःचं बोलणं फळ्यावर अक्षरांत उभं राहिलेलं मुलाला तेव्हा दिसतं.

मग एकेकट्याने. ज्याला अक्षरं येत नाहीत तो चित्र काढून तुम्हाला सांगेल आणि तुम्ही खाली लिहाल. ज्याला शब्द जमतात तो पुन्हा येणाऱ्या ओळीत एक शब्द बदलून लिहील. ज्याला वाक्यं येतात तो गोगलगायीला पत्र लिहील, किंवा उतरतानाची गोष्ट. पुस्तक एकच, काम तीन पातळ्यांचं. असं केलं की कुणी वेगळं पडत नाही.

लाल पेन या दिवशी बाजूला ठेवा. एका मुलाने लिहिलं: "गोगलगय दमली तीला झोप आली." यात काना राहिला आहे, पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी आहे, मध्ये पूर्णविराम नाही. पण दोन पूर्ण विचार आहेत, आणि ते गोष्टीत कुठेही नव्हते. आधी मजकुरावर बोला: "दमली हे तुला कुठल्या पानावर कळलं?" मग एकच दुरुस्ती, तीही कालची "गोगलगाय" ची पट्टी दाखवून: "तुझा शब्द आणि हा शब्द शेजारी ठेवून बघ." काना त्याचा त्याला सापडतो. वेलांटी पुढच्या आठवड्यात. एका कागदावर सात दुरुस्त्या केल्या की पुढच्या वेळी मूल फक्त खात्रीचे, छोटे शब्द लिहितं, आणि ते नुकसान भरून यायला महिने लागतात.

एखाद्याला गोगलगाय खरोखर भिंतीवरून पडत का नाही, असा प्रश्न पडतोच. तिच्या पायातून पाझरणारा चिकट द्रव तिला धरून ठेवतो, आणि तोच वाळला की चमकतो. ही माहिती चार ओळींत लिहून लावा. गोष्ट आणि माहिती एकाच विषयावर शेजारी शेजारी वाचायला मिळते, आणि दोन्ही लिहिण्याची ढब वेगळी असते हे मुलांच्या ध्यानात येतं.

दहावा दिवस: प्रत्येकाचं पुस्तक

चित्रपुस्तकं बरेचदा 16, 24 किंवा 32 पानांची असतात, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून पानं पाडतात. मुलांनाही तेच करू द्या. एका कोऱ्या कागदाचं आठ पानी पुस्तक होतं, शिवण नाही, डिंक नाही.

कागद तीनदा अर्धा दुमडा आणि उघडा, आठ चौकोन दिसतील. आता आखूड कडा एकमेकींवर आणून कागद एकदाच अर्धा दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून, मधल्या आडव्या घडीवरून, पुढच्या घडीपर्यंतच कापा. कागद उघडा, मध्ये चीर दिसेल. आता लांबीच्या घडीवर दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. चीर उघडून अधिकचिन्हासारखा आकार होतो. पानं एका बाजूला फिरवून दाबा. पहिल्यांदा निम्म्या वर्गाचं उलटं होतं, म्हणून दोन कागद जास्त ठेवा आणि आदल्या दिवशी स्वतः करून बघा.

मुखपृष्ठावर नाव आणि "लेखन व चित्रं" म्हणून स्वतःचं नाव. आत सहा पानं, मलपृष्ठ मोकळं. "तीन पानं अडचण, एक पान पोचणं, एक पान पाहणं, एक पान बिनशब्दांचं" एवढा आराखडा मी देतो, कुणी तो मोडला तर मोडू देतो.

नोंद कशी ठेवायची

चाचणी घेऊ नका. वहीच्या एका पानावर मुलांची नावं आणि चार रकाने: पुन्हा येणारी ओळ बोट ठेवून वाचतो का, "कशावरून" ला उत्तर देतो का, अक्षरागणिक चौकटी मोजतो का, स्वतःचं एक वाक्य लिहितो किंवा सांगतो का. रोज पाच मुलांकडे बघा, दोन आठवड्यांत सगळा वर्ग होतो. बोट ठेवून वाचताना नीट लक्ष द्या. ओळ पाठ असलेलं मूल "गोगलगाय" म्हणेपर्यंत बोट "भिंतीवर" पोचलेलं असतं. बोट आणि आवाज ज्या दिवशी एका शब्दावर येतात, त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.

मुलांनी केलेली पुस्तकं दोरीवर टांगा, त्यांचा हात पोचेल अशा उंचीवर, मूळ पुस्तकाच्या शेजारी. मधल्या सुट्टीत कुणाचं पुस्तक कोण काढून वाचतंय, तेवढं बघत राहा.